विहिरीची डॉक्टरीण

वैजापूर तालुक्यात, गावापासून कोसभर लांब, आमचं दोन एकर मुरमाड रान होतं. त्यात कुसळं चांगली यायची. बाजरी पेरली तर पाखरांचं पोट भरायचं. घर चालायचं ते मेंढरांवर. दिवाळी झाली की आबा आणि माय, म्हणजे माझे वडील आणि आई, घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या आणि वाघर लादून निघायचे ते मिरगाच्या तोंडावर परत यायचे. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना, बदल्यात ज्वारी आम्हाला. माणूस चांगला निघाला तर चांगली ज्वारी, नाहीतर किडकी.

एका वर्षी कुणाच्याच रानात काही नव्हतं. मी तीन-चार वर्षांची असेन आणि मला ताप होता. मायनं एका मेंढीचं सगळं दूध काढून त्यात कण्या शिजवल्या आणि मला भरवल्या. असं चार दिवस. त्या मेंढीचं कोकरू मेलं. ही गोष्ट माय मला नेहमी सांगायची, पण रडत नाही, बाजारहाट सांगावा तशी सांगायची. "दोघातलं येकच जगणार व्हतं. तू बोलत व्हतीस, ते बोलत नव्हतं."

मला आश्रमशाळेत घातलं तेही मी शिकावं म्हणून नव्हे. तिथं दोन वेळा जेवण होतं म्हणून. शिकले मी, कारण मला येत होतं. हे मी लाजत सांगणार नाही. दहावीला शाळेत पहिली आले, बारावीला कॉलेजात पहिली आले, मग बी.एस्सी., मग शहरात, ज्याला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणायचे, विद्यापीठात पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. फेलोशिप मिळाली आणि मी पीएच.डी.ला नाव घातलं. पुढं जे झालं ते एका शब्दानं झालं. तो शब्द मीच उच्चारला होता.

पहिल्या दिवाळीला घरी गेले. माय वाघरीच्या दोऱ्या सांधत बसली होती. आबांनी विचारलं, "आता नेमकं कशाचं शिकतीस गं बाय?"

माझा विषय असा होता. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर घेतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या पदार्थाचे थर चढवतात. मधल्या थरात इलेक्ट्रॉन अडकून पडतात. बाहेर यायला त्यांना नेमकी तेवढीच ताकद लागते जेवढी अवरक्त किरणांत असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, उबेच्या किरणांत. किरण आला, इलेक्ट्रॉननं शोषला आणि उडी मारून बाहेर आला की यंत्राला कळतं, समोर काहीतरी उबदार आहे. अशा थराला इंग्रजीत क्वांटम वेल म्हणतात. तापमान वाढवत नेलं की ही विहीर किरण किती शोषते, यात काय फरक पडतो, हे मला मोजायचं होतं.

हे सगळं आबांना कसं सांगावं? मला वाटलं, इंग्रजी फाडायचं नाही, आपल्या भाषेत सांगायचं. मी म्हणाले, "विहिरीचं शिकतेय आबा. लई बारीक विहिरी."

"विहिरीचं?" आबा म्हणाले. त्यांनी मायकडं पाहिलं. "आयकलं का? विहिरीचं शिकायलीय."

मी 'बारीक' म्हणाले होते. ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि त्यांना वाटलं, अरुंद तोंडाच्या विहिरी. मी आणखी चार वाक्यं बोलले असते तर झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर जे काही आलं होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते पुसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारावरून बातमी गावभर झाली. म्हातारे मला हाक मारायला लागले, "ओ विहिरीच्या डॉक्टरीणबाई." एक आजी म्हणाली, "आमच्या विहिरीला दोन वर्सं झालं ताप येतोय, जरा नाडी बघ तिची." सगळे हसले, मीही हसले. भावकीतले चुलते माझ्यासाठी स्थळ घेऊन आले तेव्हा आबांनी त्यांना बसू दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "विहिरीचं शिक्षान पुरं झाल्याबिगर नाय. गावाच्या कामाचं शिक्षान हाये ते." चुलते चहा पिऊन उठले. पाण्यापुढं कोण बोलणार. मला लग्न नको होतं, शिकायचं होतं, आणि आबांची चूक माझ्या कामाला येत होती. म्हणून मी ती चूक तशीच राहू दिली. साधी गोष्ट आहे, आणि मी ती साधीच सांगते.

शहरात माझं काम सुरू झालं. दुसऱ्या एका शहरातल्या संस्थेतून माझ्या मार्गदर्शक सरांनी नमुना मिळवला होता. नखाएवढा काळपट चकचकीत तुकडा. एकच. त्याची गंमत अशी, की त्याच्यावर किरण सरळ टाकला तर तो काही शोषत नाही. त्याची कड पंचेचाळीस अंशांत तिरकी घासायची आणि किरण त्या कडेतून आत सोडायचा. ती घासण्यासाठी मखमल हवी होती म्हणून मी शहागंजच्या बाजारात गेले. चार बोटांचा तुकडा मागितला तेव्हा दुकानदार चाचा म्हणाले, "इत्ता-सा? गुड़िया का लहंगा सीते क्या बेटी?"

"नाही चाचा. घासायचं आहे. एकदम गुळगुळीत."

"तो ले जाओ. इसके क्या पैसे लेना."

सात दिवस मी ती कड हातानं घासली. सर भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, अजून. आठव्या दिवशी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

त्यानंतर दुष्काळ पडला. एक वर्ष नाही, लागोपाठ. शहरात आठवड्यातून एकदा नळ यायला लागला आणि गावात टँकर. मेंढरं घेऊन आबा कुठं कुठं फिरून आले, पण जिथं जावं तिथं लोक काठ्या घेऊन उभे, आमच्या जनावरालाच नाय तर तुमच्याला कुठून. एक दिवस आबांचा फोन आला. मेंढरं विकायची ठरवलीत म्हणाले. सगळी. आणि त्यातून आपल्या रानात विहीर पाडायची.

"चुलते म्हणायलेत पाणाड्या बोलवा," आबा म्हणाले. पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ धरून भुईतलं पाणी सांगणारा माणूस. "म्या म्हणलं, घरात पाणाड्या असताना बाहेरचा कशाला? तू ये. जागा दाव."

 त्या वेळी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "येते."

जाण्याआधी मी भूगर्भशास्त्र विभागात शिकणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, यंत्राशिवाय काही सांगता येत नाही, आणि यंत्रानंही खात्री नसते. तरी ओढ्याच्या अंगाला, सखल जागा बघ. एवढं शास्त्र घेऊन मी एसटीत बसले. मनाशी पक्कं केलं होतं, उतरल्या उतरल्या आबांना बाजूला घेऊन सांगायचं.

पण एसटीच्या थांब्यावर आबा एकटे नव्हते. सगळी भावकी आली होती. कुणीतरी बायांना कुंकवाचं ताट घेऊन उभं केलं होतं. रानात नारळ ठेवला होता, बादलीत चुन्याची फक्की कालवली होती. मेंढरं आधीच्या आठवड्यातच गेली होती. रान इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी फक्कीचं डबडं माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागं सरकले, डॉक्टरपुढं नातेवाईक सरकतात तसे.

मी ओढ्याच्या अंगाला गेले, सखल जागा पाहिली आणि गोल आखला.

"किती पुरुषांवर लागंल?" एका चुलत्यांनी विचारलं. आमच्याकडं विहिरीची खोली पुरुषांत मोजतात. एका माणसाची उंची म्हणजे एक पुरुष.

मी म्हणाले, "बघू या."

"बघू या म्हंजी? कॉलेजात काय सांगितलं?"

आबा त्यांच्यावर खेकसले. "शिकल्याला माणूस आकडा फेकत नसतो. पाणाड्या फेकतो."

दोन पुरुषांवर मुरूम संपला. चारवर काळा पाषाण लागला. आबा सुरुंग लावणाऱ्यांच्या मागं मागं फिरत राहिले. मेंढरांचे सगळे पैसे त्या खड्ड्यात गेले. सहा पुरुषांवर ओल दिसली म्हणून फोन आला आणि दुसऱ्या दिवशी ती सुरुंगाची भोकं पाडताना ओतलेल्या पाण्याची ओल निघाली. आठ पुरुषांवर काम थांबलं, कारण पुढं खोदायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा मी गेले आणि सांगितलं. भर दुपारी, विहिरीच्या कडेला, दगडांच्या ढिगावर आबा बसले होते. मी म्हणाले, मी शिकते त्या विहिरी या विहिरी नाहीत. त्यांत पाणी नसतं. त्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात. मला भुईतलं काहीच कळत नाही, आबा.

त्यांनी खाली खड्ड्यात पाहिलं. मग म्हणाले, "मंग मला का बोलू दिलंस?"

मेंढरं नव्हती आणि पाणी नव्हतं, तेव्हा गावात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. आबा आणि माय शहराजवळच्या कारखान्यांच्या वस्तीत, बजाजनगरला आले. मायला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्यांचं काम मिळालं. आबांना एका बांधकामावर वॉचमन म्हणून ठेवलं. शहर वाळूजच्या बाजूनं पसरत होतं. जिथं आम्ही एकेकाळी मेंढरं बसवली होती तिथं सात मजले उभे राहत होते. बांधकामाच्या फाटकावर पाटी होती, चोवीस तास पाणी. वॉचमनचं खरं काम पहारा नसतं, भिंतींना पाणी मारणं असतं. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून दिवसातून तीन वेळा. टँकर येऊन हौद भरून जायचा आणि आबा पाइप धरून भिंती भिजवायचे. माय म्हणायची, "तुझा बाप आता भिताडं चारायलाय."

आबा माझ्याशी बोलायचे, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जेवलीस का, बरी हायेस का. शिक्षणाचं एक अक्षर काढायचे नाहीत. माझ्यानं ते सोसवेना. एका रविवारी मी त्यांना रिक्षात घालून प्रयोगशाळेत घेऊन आले. म्हटलं, एकदा बघा तरी, तुमची पोरगी काय करते.

त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी नको म्हणाले तरी काढल्याच. कोपऱ्यात द्रव नायट्रोजनचं भांडं होतं, त्याला मात्र ते ओळखत होते. "हे तर जनावराच्या दवाखान्यातलं. गाईला रेतन कराया आणत्यात त्यातलं."

"तेच आहे आबा. त्यात अतिशय गार द्रव असतो. नमुना गार करायला मला तो लागतो."

"गार कशापायी?"

मला वाटलं, आता नीट सांगायचं. त्यांच्या भाषेत. मी म्हणाले, "समजा वाघरीत मेंढरं बसलीत. गारवा आहे, म्हणून निवांत. तुम्ही हाक मारली तर एखादं उठून बाहेर येणार. म्हणजे जे बाहेर आलं ते तुमच्या हाकेनं आलं, हे आपल्याला कळतं. पण उन्ह तापलं, की मेंढरं न बोलवताच वाघर ओलांडून पळायला लागतात. मग हाकेनं कुठलं आलं आणि उन्हानं कुठलं आलं, कळत नाही. माझ्या विहिरीत तसंच होतं. गरम झालं की इलेक्ट्रॉन किरण नसतानाही बाहेर उड्या मारतात. आणि आत जे उरतात तेही बेचैन असतात, किरण नीट शोषत नाहीत. म्हणून गार ठेवायचं."

मला माझं हे उदाहरण फार आवडलं होतं. आधी दोन दिवस तयारी केली होती.

आबा म्हणाले, "उन्हात मेंढरं पळत नस्त्यात."

"म्हणजे?"

"उन्हात येकमेकाच्या पोटाखाली मुंडी घालून गठ्ठा करत्यात. हाणलं तरी हालत नाय. तुला इतकंबी ध्यानात नाय राह्यलं?"

त्यांचं बरोबर होतं. मी हे हजार वेळा पाहिलं होतं. दुपारच्या उन्हात मेंढरांचा तो गोळा, एकही तोंड दिसायचं नाही. पंधरा वर्षं होस्टेलात राहून ते माझ्यातून गेलं होतं.  

मग त्यांनीच विचारलं, "आन ह्याचा उपेग काय?"

"अंधारात दिसतं आबा. उजेड नसला तरी ज्याच्या अंगात ऊब आहे ते दिसतं. माणूस, जनावर."

"काळोखात?"

"ठार काळोखात."

"लांडगा?"

"लांडगा पण. लांबून."

आबा स्टुलावर बसले. आयुष्यभर त्यांनी वाघरीच्या कडेला लांडग्यासाठी जाग्रणं काढली होती. कितीतरी कोकरं त्यानं नेली, आणि प्रत्येक वेळी आबांना ते सकाळी दिसायचं. त्यांनी त्या नमुन्याच्या धातूच्या डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लांडगा दिसायचं यंत्र शिकतीय म्हणली असतीस," ते म्हणाले, "तर म्या गावाला त्येच सांगितलं असतं की. त्येच्यात कमीपना व्हता का काय?"

 कमीपणा नव्हता. मलाच वाटलं होतं की त्यांना कळणार नाही. मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या माणसाला या यंत्राचं मोल माझ्या विभागातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं असतं.

निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, "येक काम कर. माझ्यासंगं गावाला चल. पारावर सगळी बसली का सांग, का बोलण्यात चूक झाली, माझ्या बापानं मनानं काय सांगितलं न्हवतं. लोकाला वाटायलंय, म्या फुशारकीपायी खोटं बोललो. धनगराची जबान गेली का काय राहत नाय. बाकी मला काय नको."

"जाऊ आबा. येत्या रविवारी."

शनिवारी मी घाई केली. नमुना गार करायच्या यंत्रातल्या तांब्याच्या टोकावर चांदीच्या लेपानं चिकटवावा लागतो आणि लेप चोवीस तास वाळू द्यावा लागतो. मी तो अर्धा दिवस वाळू दिला आणि झाकण बंद केलं, म्हणजे रविवार मोकळा. सकाळी बसस्टँडवर आबा माझ्याआधी येऊन थांबले होते. धुतलेलं धोतर, फेटा. तेवढ्यात सरांचा फोन आला. नायट्रोजन आज आलाय, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, उद्यापर्यंत निम्मा उडून जाईल. तुझा नमुना तयार आहे ना?

मी आबांना म्हणाले, "पुढच्या रविवारी जाऊ. ते थांबत नाही, हवेत उडून जातं."

"उडून जातं," आबा म्हणाले. "बरं. जा मंग."

मी मागं वळून बघितलं नाही, रिक्षा मिळत होती.

ऐंशी केल्विनपासून, म्हणजे शून्याखाली जवळजवळ दोनशे अंशांपासून सुरुवात करायची, वीस-वीसनं वर चढायचं. प्रत्येक पायरीवर तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग किरण सोडायचा, मग आलेख. गार असताना शोषणाचं शिखर उंच आणि टोकदार असतं, सुईसारखं. तापमान वाढलं की ते ठेंगणं होतं, फुगतं, आणि जरासं लांब तरंगलांबीकडं सरकतं. नायट्रोजन मिळेल तसतसे तीन आठवडे मी आलेख काढत होते आणि शिखर हवं तितकं उंच येत नव्हतं. ऐंशीला काढलेला आलेख शंभराच्या वरचा वाटत होता. शेवटी झाकण काढलं. कच्चा लेप गारठ्यानं तडकला होता आणि नमुना तांब्यापासून सुटला होता. तापमापक तांब्यावर होता. म्हणजे तांबं ऐंशीवर होतं आणि नमुना किती गरम होता हे कुणालाच माहीत नव्हतं. तीन आठवडे मी भलत्याच वस्तूचं तापमान मोजत होते.

सर रागावले नाहीत. "पुन्हा," एवढंच म्हणाले.

पुन्हा म्हणजे सगळंच. होळीनंतर जाऊ, मी आबांना सांगितलं. मग पाडव्यानंतर. मग एवढी शेवटची मालिका झाली की. खरं सांगायचं तर निम्मं कारण काम होतं. उरलेलं निम्मं असं, की ज्या पारावर मला डॉक्टरीण म्हटलं होतं तिथं उभं राहून मला काही येत नव्हतं हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी सरांशी, प्राध्यापकांशी तोंडावर बोलणारी. तेवढी एकच गोष्ट मला बोलवत नव्हती. आबांनी परत विचारलं नाही. एकदा फक्त मायला म्हणाले, "तिचं गार व्हयाचं राह्यलंय आजून."

मे महिन्यात, दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या स्लॅबला पाणी मारताना आबा खाली बसले. बरोबरच्या बाईला वाटलं, दमलेत. पाइप चालूच होता, पाणी त्यांच्या अंगावरून वाहत होतं, तरी अंग तव्यासारखं होतं असं ती म्हणाली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना बर्फात ठेवलं होतं. नर्सनं तापमापक लावला होता, तरी मी त्यांचा कान धरला. मेंढराचा ताप आबा तसाच बघायचे, कानाच्या बुडाशी दोन बोटं लावून. कान पेटला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मायनं विचारलं, "ऊन लागून मेलं म्हंजी काय? जल्मभर उन्हातच व्हता की त्यो." डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आणि मी तिला. तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं नाही, मलाही पटलेलं नाही.

दहाव्याला गावी गेलो. जेवणं झाल्यावर पुरुष पारावर बसले. आमच्याकडं बाया तिथं जाऊन बोलत नाहीत. मी गेले. उभी राहिले आणि सांगितलं. आबा खोटं बोलले नव्हते. तो शब्द माझा होता. विहीर म्हणाले ती मी. ते चुकीचं समजले हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प राहिले, कारण मला त्याचा फायदा होता. जागाही मी दाखवली, मला काही येत नसताना. माझ्या बापाची जबान खरी होती.

 मग स्थळ घेऊन आलेले ते चुलते म्हणाले, "आमी त्येला कवा खोटं म्हणलो? त्योच येईना झाला गावात. आमाला वाटलं, शहरात मोठा झाला, पोरगी डॉक्टर, आता कशाला येतोय."

"येनार व्हता," माय मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. "हिला सवड नव्हती."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. ते खरं होतं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं पदर सावरला आणि घराकडं चालायला लागली.

जूनमध्ये मी परत प्रयोगशाळेत गेले. नमुना पुन्हा चिकटवला आणि लेप दोन दिवस वाळू दिला. आता मला कुठंच जायचं नव्हतं. ऐंशीपासून तीनशे केल्विनपर्यंत प्रत्येक पायरी तीन-तीन वेळा मोजली. आलेख एकावर एक बसले. तापमान चढेल तसं शिखर खाली आलं, रुंद झालं, सरकलं. का आणि किती, ते मी लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तापमापक नमुन्यावरच होता याची खात्री काय? मी म्हणाले, एकदा नव्हता, म्हणून मला माहीत आहे.

माझा प्रबंध मंजूर झाला आणि मला पदार्थविज्ञानात पीएच.डी. मिळाली. आमच्या भावकीत ती मिळवणारी मी पहिली.